जुन्या घरगुती संगणकावर कॅसेट आणि डिस्क लोड करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात हे जुने संगणक दोन वाटांनी आले. एक वाट शाळेची. केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प १९८४-८५ मध्ये देशातल्या सुमारे २५० शाळांत सुरू झाला आणि त्यात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो शाळांना मिळाला. दुसरी वाट आखाताची आणि बोटीची. कुणाच्या काकांनी कुवेतहून येताना स्पेक्ट्रम आणला, कुणाच्या तारवटी वडिलांनी कमोडोर ६४. आता ही यंत्रं पोटमाळ्यावरून आणि शाळांच्या अडगळीतून खाली उतरताहेत, सोबत कॅसेटनी भरलेले पत्र्याचे डबे. डिचोलीत मी ती चालू करून देतो आणि आत जे काही वाचण्यासारखं असेल ते उतरवून ठेवतो. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेक उत्तरं बीबीसी मायक्रोची आहेत, कारण विचारणाऱ्यांकडे बहुधा तोच असतो. स्पेक्ट्रम आणि कमोडोरसाठी प्र. १३ आणि १४ पाहा.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर तोच शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत टंकायचा, चिन्हं आहेत तशीच ठेवायची आणि शेवटी रिटर्न दाबायचं.

१. पंचवीस-तीस वर्षं बंद पडलेला संगणक थेट प्लगला लावून बघू का?

नको. बीबीसी मायक्रो २४० व्होल्टसाठी बनलेला, त्यामुळे आपल्या विजेवर तो चालतो. अडचण व्होल्टेजची नाही, पॉवर सप्लायमधल्या दोन छोट्या कपॅसिटरची आहे. त्यांचं पारदर्शक पिवळसर आवरण वयानुसार तडकतं, तडीतून ओल आत शिरते, आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत ते फुटून दाट, उग्र वासाचा धूर निघतो. इतर ठिकाणी हे कधीतरी होतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात भिजलेल्या हवेत ते होणारच असं धरून चाला. बहुतेक वेळा संगणक वाचतो, पण घरातली माणसं घाबरतात आणि यंत्र पुन्हा माळ्यावर जातं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून हे कपॅसिटर आधीच बदलून घ्या. पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

मूळ ब्रिटिश प्लग असेल तर तो चौकोनी पिनांचा असतो. तीन पिनांचाच प्लग लावा, अर्थिंग सोडू नका.

२. तो नीट चालू झाला हे कसं ओळखायचं?

कानाने. बटण दाबताच आधी एक लांब, खालच्या पट्टीतला आवाज येतो आणि लगेच एक आखूड, वरच्या पट्टीतला. दोन्ही आले की यंत्र जागं झालं. फक्त पहिलाच आवाज येऊन लांबत राहिला तर आत दोष आहे आणि लोड करण्याचा प्रश्न नंतरचा. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', डिस्कची सोय असेल तर 'एकॉर्न डीएफएस', मग 'बेसिक' (प्रोग्राम लिहायची भाषा) आणि शेवटी > हे चिन्ह दिसायला हवं.

३. चित्र काळं-पांढरं दिसतं. संगणक बिघडला आहे का?

नाही. मागच्या गोल पिळाच्या व्हिडिओ सॉकेटमधून कारखान्यातून काळं-पांढरंच चित्र बाहेर येतं. रंग हवा असेल तर सहा पिनांच्या आरजीबी सॉकेटला जोडा. अँटेनाच्या सॉकेटमधून येणारं चित्र यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनलवर असतं.

४. कॅसेटवरचा प्रोग्राम लोड करायची साधी, पहिल्यापासून शेवटपर्यंतची पद्धत सांगाल का?

कॅसेट सुरुवातीला गुंडाळून घ्या. *टेप लिहून रिटर्न दाबा, म्हणजे संगणक डिस्क शोधत बसणार नाही. मग चेन"" लिहा. दोन अवतरणचिन्हांमध्ये काही नसलं की जो प्रोग्राम आधी भेटेल तो संगणक घेतो. नाव माहीत असेल तर मधे नाव लिहा. पडद्यावर 'सर्चिंग' येईल. आता टेपरेकॉर्डरचं प्ले दाबा.

पुढे काय होतं ते नीट बघण्या-ऐकण्यासारखं आहे. आत एक छोटा रिले 'टक्' वाजतो, कीबोर्डवरचा मोटरचा लाल दिवा लागतो आणि टेप फिरू लागते. पाचेक सेकंद एकसुरी शिटी, मग खरखर. शिटी २४०० हर्ट्झची असते. खरखरीत १२०० हर्ट्झचा एक हेलकावा म्हणजे शून्य आणि २४०० हर्ट्झचे दोन हेलकावे म्हणजे एक. प्रोग्रामचं नाव उमटतं, त्यापुढे अंक वाढत जातात, शेवटी पुन्हा 'टक्', दिवा विझतो आणि प्रोग्राम आपोआप सुरू होतो. सोळा किलोबाइटच्या प्रोग्रामला तीन-चार मिनिटं लागतात.

प्रोग्राम बेसिकमध्ये नसून यंत्रभाषेत असेल तर चेन चालत नाही, *रन "" लिहावं लागतं. 'लॉक्ड' असा संदेश आला तरी हाच उपाय.

५. टेपरेकॉर्डर कुठला घ्यावा? घरातला टू-इन-वन चालेल का?

चालेल, आणि पुष्कळदा तोच उत्तम. एका स्पीकरचा, साधा, इअरफोनचं भोक असलेला रेकॉर्डर मी सगळ्यांत आधी निवडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानात असे मिळतात. विकत घेण्याआधी तिथेच एक भजनाची कॅसेट लावून ऐका. पेटीचा लांब सूर थरथरत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झाला आहे. पट्टा नवा मिळतो. जुना कधी कधी वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो, तो कापसाने पूर्ण पुसून मगच नवा घाला.

स्टिरिओ डेक असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र न करता एकच संगणकाला द्या. डॉल्बी असेल तर बंद ठेवा. बारीक 'रिमोट' भोक असेल तर संगणक स्वतः मोटर थांबवतो-चालवतो. पण मग रिवाइंड करताना टेप हलतच नाही आणि लोक रेकॉर्डर बिघडला म्हणून आणून देतात. *मोटर १ लिहा, टेप फिरेल. काम झालं की *मोटर ०.

६. आवाज किती ठेवायचा?

तीन-चतुर्थांशाच्या आसपास सुरू करा. ट्रेबल पूर्ण वर, बास पूर्ण खाली. बीबीसी मायक्रो या बाबतीत समजूतदार आहे, थोडं इकडे-तिकडे चालवून घेतो. स्पेक्ट्रम घेत नाही (प्र. १३). एकदा योग्य जागा सापडली की बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे घरात कुणी गाणी ऐकून गेलं तरी परत तिथेच आणता येतं.

७. 'सर्चिंग' येतं आणि तिथेच बसून राहतं. काय बघू?

आधी वायर काढा आणि रेकॉर्डरच्या स्पीकरवर कॅसेट ऐका. प्र. ४ मधली शिटी आणि खरखर स्वच्छ ऐकू येते का? येत असेल तर कॅसेट जिवंत आहे आणि दोष वायरीत किंवा आवाजाच्या पातळीत. आवाज घोगरा, रजई पांघरून बोलल्यासारखा येत असेल तर प्र. १० आणि ११ पाहा. संगणकाला दोष देण्याआधी नेहमी ऐकून घ्या. माझ्याकडे 'संगणक बिघडला' म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचा दोष टेपच्या बाजूला निघतो.

आवाज चांगला असूनही शोध संपत नसेल तर वेग तपासा. बीबीसी मायक्रो १२०० आणि ३०० बॉड (सेकंदाला इतके बिट) अशा दोन वेगांनी वाचतो. नेहमीचा १२००, पण ज्यांना आपल्या रेकॉर्डरवर भरवसा नव्हता त्यांनी मुद्दाम ३०० वर भरून ठेवलेलं असतं. *टेप३ लिहून पुन्हा प्रयत्न करा, परत येताना *टेप१२.

८. अर्ध्यावर 'डेटा?' किंवा 'ब्लॉक?' येतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करू?

अजिबात नाही. बीबीसी मायक्रो प्रोग्रामचे २५६ बाइटचे तुकडे करून टेपवर ठेवतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासतो. 'डेटा?' म्हणजे तुकड्यातला मजकूर बिघडलेला वाचला, 'हेडर?' म्हणजे तुकड्याची पाटीच वाचता आली नाही, 'ब्लॉक?' म्हणजे मधला एखादा तुकडा निसटला. त्याखाली 'रिवाइंड टेप' येतं. एस्केप किंवा ब्रेक दाबू नका. टेप थोडी मागे घ्या आणि पुन्हा प्ले दाबा. आधीचे तुकडे त्याच्याकडे आहेतच, हवा असलेला आला की तो तिथून पुढे चालू होतो.

एकच तुकडा दहा वेळा अडला तर मी आवाज किंचित कमी करतो, मग किंचित वाढवतो, मग रेकॉर्डरचं टेप वाचणारं हेड पुसतो. तरीही नाही जमलं तर *ऑप्ट २,० देऊन चुका दुर्लक्षित करता येतात. प्रोग्राम चालणार नाही कदाचित, पण त्याची यादी काढून हाताने दुरुस्त करता येईल इतकं हाती लागतं. एका शिक्षिकेची प्रश्नमंजूषा मी अशीच सोडवली. तीन ओळी फाटल्या होत्या, त्या त्यांनी स्वतः आठवून सांगितल्या.

९. अंक ०९ नंतर ०ए, ०बी असे का येतात? टेप खराब आहे का?

टेप ठीक आहे. तुकड्यांची मोजदाद दहाऐवजी सोळाच्या पायावर असते: ०९ नंतर ०ए पासून ०एफ पर्यंत, आणि मग १०.

१०. त्याच काळातली, चांगली ठेवलेली कॅसेट एका रेकॉर्डरवर लोड होते, दुसऱ्यावर नाही. असं का?

हेडच्या कोनामुळे. ज्या रेकॉर्डरवर ती भरली त्याचं हेड टेपला किंचित तिरकं लागत असेल, तर दुसऱ्या सरळ हेडवर वरच्या पट्टीतले सूर पुसट होतात, आणि आपला मजकूर त्याच सुरांत आहे. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. बहुतेक रेकॉर्डरच्या झाकणात त्यासाठी छोटं भोक ठेवलेलं असतं. प्ले चालू असताना, खरखर ऐकत ऐकत, तो पाव फेऱ्याहून कमी असा इकडे-तिकडे फिरवा. एका जागी आवाज एकदम उघडतो, पावसानंतर धुळीची काच पुसल्यासारखा. तिथेच थांबा. पितळी किंवा चुंबक न लागणारा स्क्रूड्रायव्हर वापरा, आणि फिरवण्याआधी मूळ जागेची खूण करा, नाहीतर घरातल्या इतर कॅसेट घोगऱ्या वाजू लागतील.

११. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसते, डिस्कवर ठिपके आहेत. लावून बघू?

कृपा करून लावू नका. ती बुरशी आहे. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो, जूनपासून चवथीपर्यंत तर रोज. बुरशी लागलेली डिस्क ड्राइव्हमध्ये फिरली की हेडवर थर चढतो, तो थर डिस्कवर गोल रेघ ओढतो, आणि त्या रेघेखालचं सगळं कायमचं जातं. मग तेच हेड पुढच्या चांगल्या डिस्कलाही ओरखडतं.

कॅसेट असेल तर: तोंडाला मास्क लावा, घराबाहेर सावलीत बसा. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडा आणि रीळ बाहेर घ्या; चिकटवलेली असेल तर कवच कापून रीळ दुसऱ्या चांगल्या कवचात घाला. कडेवरची भुकटी कोरड्या मऊ ब्रशने हलकेच काढा. मग एका टाकाऊ रेकॉर्डरमध्ये ती दोन वेळा पुढे-मागे गुंडाळा, टेपच्या वाटेत मऊ, तंतू न सुटणारं कापड धरून. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि धातूची कांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावू नका, ओलसर कापड पुरतं.

सव्वापाच इंची डिस्क असेल तर: काळ्या पाकिटाची एक कड कात्रीने उघडा, आतली गोल चकती मधल्या भागाला धरून बाहेर काढा. डिस्टिल्ड पाण्यात साध्या साबणाचा थेंब टाकून बोटांच्या पेरांनी धुवा, पुन्हा स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यातून काढा, पंख्याखाली पूर्ण वाळवा. एका रिकाम्या डिस्कचं पाकीट मी याच कामासाठी ठेवलं आहे. धुतलेली चकती त्यात घालायची, लगेच वाचायची, प्रत उतरवायची. धुतलेली मूळ डिस्क पुन्हा वर्षभर टिकेल या भरवशावर राहू नका.

साठवण: घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या महिन्याने बदलायच्या. आपल्याकडे कपडे कोरडे राहावेत म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवतात. त्या कपाटात कॅसेट ठेवायला हरकत नाही, पण बल्बपासून दोन खण लांब. उष्णतेने कवच वाकतं. स्पीकरजवळ आणि स्टॅबिलायझरवर काहीही ठेवू नका, दोन्हींत चुंबकीय क्षेत्र असतं.

१२. डिस्क कशी लोड करायची?

डिस्क ड्राइव्हमध्ये घालून दार लावा. शिफ्ट दाबून धरा, ब्रेक दाबून सोडा, मग शिफ्ट सोडा. डिस्कवर !बूट नावाची फाइल असेल तर प्रोग्राम आपोआप चालू होतो. काहीच झालं नाही तर *कॅट लिहून यादी बघा आणि चेन"नाव" द्या. एका बाजूवर जास्तीत जास्त ३१ फाइली, नाव सात अक्षरांपर्यंत. दोन्ही बाजू वापरणाऱ्या ड्राइव्हमध्ये मागची बाजू 'ड्राइव्ह २' म्हणून ओळखली जाते, तिची यादी *कॅट २ ने. यादी रिकामी दिसली म्हणून डिस्क टाकून देणाऱ्यांनी मागची बाजू बघितलेलीच नसते.

ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला आणि मोटर थांबतच नाही, असं असेल तर चपटी केबल उलटी बसली आहे.

१३. काकांनी कुवेतहून आणलेला स्पेक्ट्रम आहे. त्यावर काय वेगळं?

बरंच. सगळ्यांत आधी पॉवर: स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते. बाजारातल्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये मधली धन असते. तसा लावला तर संगणक जळतो, हे दोनदा वाचा.

'जे' हे अक्षर दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटतो, मग सिंबॉल शिफ्ट धरून पी दोनदा, मग एंटर. रेकॉर्डरच्या इअरफोनमधून स्पेक्ट्रमच्या 'इअर'मध्ये एकच वायर लावा, 'माइक'ची काढून ठेवा. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी जाड पट्टे म्हणजे शिटी सापडली. निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे मजकूर येतो आहे. ४८के चा खेळ यायला पाचेक मिनिटं लागतात. बीबीसीसारखी तुकड्याची सवलत इथे नाही: 'टेप लोडिंग एरर' आलं की टेप गुंडाळून पहिल्यापासून. म्हणून आवाज वाढवत वाढवत नेमकी जागा शोधावी लागते. भारतात डेसिबेल्स कंपनीने काढलेल्या डीबी स्पेक्ट्रमलाही हेच लागू.

१४. आणि कमोडोर ६४?

त्याला साधा टेपरेकॉर्डर जोडता येत नाही, त्याचा स्वतःचा 'डेटासेट' नावाचा रेकॉर्डरच हवा. शिफ्ट आणि रन-स्टॉप एकत्र दाबा, मग प्ले. लोड होताना पडदा कोरा होतो, घाबरू नका. डिस्कसाठी लोड"*",८,१. जुना मूळ पॉवर सप्लाय मात्र मोजून घेतल्याशिवाय लावू नका. तो बिघडला की पाच व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज देऊन चिप मारतो.

१५. डिस्कची यादी व्यवस्थित दिसते, पण कुठलीही फाइल मागितली की 'डिस्क फॉल्ट १८'. डिस्क गेली का?

बहुधा डिस्क धडधाकट आहे. जुन्या डिस्क ४० ट्रॅकच्या (ट्रॅक म्हणजे मजकूर लिहिलेलं एक वर्तुळ), नंतरचे ड्राइव्ह ८० ट्रॅकचे. यादी अगदी पहिल्या ट्रॅकवर असते आणि ती जागा दोन्हींत एकच, म्हणून यादी वाचता येते. पुढचे ट्रॅक मात्र दुप्पट अंतरावर असतात. ड्राइव्ह एक पाऊल टाकतो तिथे दोन टाकायला हवीत. ड्राइव्हच्या मागे किंवा पुढे ४०/८० असा खटका शोधा आणि ४० वर करा. खटका नसेल तर ४० ट्रॅकचा ड्राइव्ह मिळवा.

आणि ८० वरच्या ड्राइव्हने ४० ट्रॅकच्या डिस्कवर काही लिहू नका. त्याचं हेड अरुंद असतं, जुन्या रुंद पट्टीच्या मधोमध नवी बारीक पट्टी ओढतं, आणि मूळ ड्राइव्हला मग दोन्ही एकदम ऐकू येतात. नवीन डिस्क विकत घेताना डबल डेन्सिटीच घ्या. हाय डेन्सिटीच्या डिस्कवरचं चुंबकीय द्रव्य वेगळं असतं, या ड्राइव्हने लिहिलेलं त्यावर धरत नाही.

१६. डिस्कची चिप बसवल्यापासून कॅसेटवरचे मोठे खेळ 'नो रूम' किंवा 'बॅड प्रोग्राम' म्हणतात. पूर्वी चालायचे.

पूर्वी जागा होती. कॅसेटवाल्या यंत्रात बेसिक प्रोग्राम &ई०० या पत्त्यापासून सुरू होतो. डिस्कची सोय स्वतःच्या कामासाठी जागा घेते आणि सुरुवात &१९०० वर ढकलते. फरक २,८१६ बाइटचा. ३२के च्या यंत्रात पडदाच कधी कधी २०के घेतो, तिथे हे अठ्ठावीसशे बाइट फार मोठे. उपाय या क्रमाने: *टेप, मग पेज=&ई००, मग न्यू, मग चेन"".

एक गोष्ट इथे लोक विसरतात आणि पस्तावतात. खेळ संपल्यावर डिस्क वापरण्याआधी कंट्रोल-ब्रेक दाबायलाच हवं. डिस्कची कामाची जागा आता खेळाने भरलेली आहे. तशाच अवस्थेत डिस्कवर काही लिहिलंत तर यादीत कचरा जाऊ शकतो.

१७. शाळेच्या डिस्कवर मराठी अक्षरांचा प्रोग्राम आहे, पण अक्षरांच्या जागी नुसते विचित्र ठिपके दिसतात. मराठी कशी आणू?

बीबीसी मायक्रोच्या रॉममध्ये, म्हणजे त्याच्या कायमच्या मेमरीत, देवनागरी नाही. पण २२४ ते २५५ ही ३२ अक्षरं आपल्याला हवी तशी कोरता येतात: व्हीडीयू २३, मग अक्षराचा क्रमांक, मग आठ आकडे, एकेक आकडा एकेका ओळीच्या ठिपक्यांचा. आठ बाय आठची चौकट. सगळ्यांत वरची किंवा दुसरी ओळ पूर्ण भरली की शेजारची अक्षरं शिरोरेषेने आपोआप जोडली जातात. त्या काळच्या शिक्षकांनी हे चौकटीच्या वहीत ठिपके भरून केलं आहे. अशी एक वही माझ्यापर्यंत आली, त्यात 'क्ष' चार वेळा खोडून पाचव्यांदा जमलेला आहे.

ठिपके दिसण्याचं नेहमीचं कारण: अक्षरं कोरणारी फाइल आणि धडा ही दोन वेगळी असतात आणि तुम्ही थेट धडा सुरू केला. यादीत पहिली किंवा सगळ्यांत छोटी फाइल आधी चालवा, ती पुढचीला स्वतः बोलावते. दुसरं कारण, पडदा मोड ७ मध्ये असणं. त्या मोडमध्ये कोरलेली अक्षरं दिसतच नाहीत.

अडचणीची बाजू अशी. ३२ अक्षरांत पाढ्यांचे दहा आकडे आणि थोडे शब्द मावतात, पूर्ण मराठी मावत नाही. म्हणून काही प्रोग्राम *एफएक्स २० ने जास्त जागा मागतात, प्रत्येक वाढीव ३२ अक्षरांना २५६ बाइट. ही जागा प्रोग्रामच्या सुरुवातीच्या खालूनच जाते, म्हणजे पेज (प्रोग्राम सुरू होण्याचा पत्ता) आणखी वर न्यावं लागतं. कॅसेटसाठी लिहिलेला प्रोग्राम ठरावीक पत्ता धरून चालतो. डिस्कच्या यंत्रावर तो पत्ता चुकतो, अक्षरं प्रोग्रामच्याच डोक्यावर कोरली जातात आणि 'बॅड प्रोग्राम' येतं. असे प्रोग्राम प्र. १६ च्या क्रमाने लोड केले तर बहुतेक सुरळीत चालतात.

१८. कॅसेट-डिस्कशिवाय, मोबाइल किंवा पेनड्राइव्हवरून लोड करता येईल का?

हो. कॅसेटवरचा मजकूर हा शेवटी आवाज आहे. इअरफोनचं भोक असलेला मोबाइल टेपरेकॉर्डरच्या जागी लावा, आवाज पूर्ण ठेवा, विमान मोड चालू करा, नाहीतर मधेच एखादा संदेश 'टिंग' वाजून तुकडा बिघडवेल. डिस्कसाठी गोटेक नावाचा, पेनड्राइव्ह लावायचा ड्राइव्ह मिळतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर घातलं की तो बीबीसीच्या डिस्क-प्रती ओळखतो. शाळेत रोज वापरायचं असेल तर मी हेच सुचवतो, आणि मूळ डिस्क कपाटात.

१९. लोड होताना वीज गेली तर?

वाचत असताना गेली तर काही बिघडत नाही, पुन्हा सुरू करा. डिस्कवर लिहीत असताना गेली तर यादीच जाऊ शकते. पावसाळ्यात लिहिण्याचं काम यूपीएसवरच करा. चालू-बंद करताना ड्राइव्हचं दार उघडं ठेवा.

२०. प्रती काढणं कायदेशीर आहे का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचे प्रोग्राम येतात, आणि ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आहे त्याला नाश होऊ नये म्हणून प्रत काढून ठेवता येते. विकण्यासाठी कुणी प्रती मागितल्या तर मी काढून देत नाही.

२१. कॅसेटवर सुरुवातीला माणसाचा आवाज आहे. त्यावर प्रोग्राम आहे की नाही? आणि उतरवताना तो भाग कापू?

प्रोग्राम आहे. त्या काळी लोक प्रत्येक प्रोग्रामच्या आधी त्याचं नाव बोलून ठेवत, म्हणजे कॅसेट ऐकून जागा सापडावी. संगणक बोलणं सोडून देतो आणि शिटीची वाट बघतो, त्याला काही अडत नाही.

उतरवण्यासाठी यूएसबी साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये थेट वायर लावा, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो, आणि फाइल वेव्हच ठेवा. मोबाइलच्या माइकसमोर स्पीकर धरून घेऊ नका. मोबाइल गोंगाट गाळतो आणि त्याच्या लेखी आपला मजकूर म्हणजे गोंगाटच. मला पाठवताना व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवू नका, दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि कापू नका. गेल्या पावसाळ्यात साखळीकडच्या एका घरातून आलेल्या कॅसेटवर पाढ्यांचा प्रोग्राम होता. शिटीच्या आधी एका बाईंचा आवाज: 'बाराचे पाढे, सातवी ब.' मागे कौलांवर पाऊस वाजतो आहे, कुठेतरी शाळेची घंटा होते आणि त्या क्षणभर थांबून पुन्हा म्हणतात, 'बाराचे पाढे.' त्यांच्या मुलीने तो प्रोग्राम मागायला कॅसेट दिली होती. मी तिला दोन फाइली दिल्या, एक प्रोग्रामची आणि एक त्याच्या आधीच्या अकरा सेकंदांची.